तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात न पोचलेल्या रेकॉर्डी

"फारसा कुणाला ठाऊक नसलेला, पण ऐकलाच पाहिजे असा एखादा रॉक बँड सांगा ना," असं मला वरचेवर विचारलं जातं. विचारणारे बहुधा विशी-पंचविशीतले असतात. बीटल्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड त्यांचे ऐकून पाठ झालेले असतात आणि आता त्यांना भली मोठी यादी हवी असते. यादी मी देत नाही. वीस नावं एकदम हातात पडली की माणूस प्रत्येकाचं एखादं गाणं अर्धंमुर्धं ऐकतो आणि पुढे सरकतो. म्हणून मी एकच नाव सांगते, बिग स्टार. त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या तिन्ही रेकॉर्डी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका, एवढाच माझा आग्रह असतो.

बिग स्टार हा अमेरिकेतल्या मेंफिस शहरातला बँड. मेंफिस म्हटलं की एल्व्हिस आठवतो, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल संगीताची स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनीही तिथलीच. १९७०च्या सुमाराला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोऱ्या पोरांच्या बँडांना लांबलचक ब्लूज वाजवायची हौस होती. एकेक गाणं पंधरा मिनिटं चालायचं. अशा दिवसांत क्रिस बेल, अ‍ॅलेक्स चिल्टन, अँडी हमल आणि जोडी स्टीफन्स ही चार मुलं तीन-चार मिनिटांची, गोड चालींची, दोन-तीन गळे एकत्र गुंफलेली गाणी करायला बसली. लंडनमध्ये १९६५ साली होत असत तशी. तोवर तो जमाना उलटून गेला होता. पण त्यांना तेच आवडत होतं.

त्यांना ते करता आलं ते जॉन फ्रायमुळे. फ्रायने शाळकरी वयात घराच्या आवारात हौसेखातर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यातूनच पुढे आर्डेंट हा स्टुडिओ उभा राहिला. आसपासच्या होतकरू मुलांना तो यंत्रं कशी चालवायची ते शिकवायचा, आणि दिवसाची धंद्याची कामं आटोपली की स्टुडिओ त्यांच्या हवाली करायचा. क्रिस बेल तिथेच घडला. रात्र रात्र बसून ध्वनिमुद्रित केलेल्या एका गिटारवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढवत राहायचा. चिल्टनची वाट निराळी. सोळाव्या वर्षी, १९६७ साली, बॉक्स टॉप्स या बँडबरोबर त्याने गायलेलं 'द लेटर' अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पण गाणी दुसऱ्यांची, निर्णय दुसऱ्यांचे, आणि रेकॉर्डवर वाजवणारेही बरेचदा दुसरेच. त्याला कंटाळून तो बाहेर पडला होता. बँडचं नाव स्टुडिओजवळच्या एका किराणा दुकानावरून घेतलं आणि पहिल्या रेकॉर्डला नाव दिलं 'नंबर वन रेकॉर्ड'.

ती १९७२ साली आली. त्यातलं 'थर्टीन' आधी ऐका. साध्या गिटारी आणि गळे, बाकी फारसं काही नाही. तेरा वर्षांचा मुलगा एका मुलीला विचारतोय, शाळेतून घरापर्यंत तुझ्याबरोबर येऊ का. एवढंच गाणं. त्यात कुठेही लाडिकपणा नाही, मोठ्या माणसाने लहान होऊन केलेलं नाटक नाही. मग 'द बॅलड ऑफ एल गुडो' ऐका. ध्रुवपदावर आवाज एकमेकांवर चढत जातात तिथे अंगावर काटा येतो. फ्रायने टिपलेला गिटारचा तो नाद, लख्ख आणि खणखणीत, मी दुसरीकडे फार क्वचित ऐकला आहे. पन्नास वर्षांनंतरही त्यावर धूळ बसलेली नाही.

समीक्षकांनी वाखाणणी केली. कुठे कुठे रेडिओवर गाणी वाजली. ऐकणारा दुकानात गेला की मात्र रेकॉर्ड मिळायची नाही. आर्डेंट स्वतःच्या नावाने रेकॉर्डीही काढायचा आणि त्यांचं वितरण होतं स्टॅक्सकडे. स्टॅक्सला सोलचा बाजार तळहातासारखा ठाऊक, पण असा गोऱ्या पोरांचा गिटार बँड कुठे आणि कसा विकायचा हे तिला उमगत नव्हतं. त्याच वर्षी स्टॅक्सने आपलं सगळं वितरण कोलंबिया या बलाढ्य कंपनीकडे सोपवलं. यातून खरं तर भलं व्हायचं. झालं उलटंच. जुन्या छोट्या वितरकांशी कोलंबियाला देणंघेणं नव्हतं, त्यामुळे दुकानांत ज्या थोड्याफार प्रती होत्या त्यासुद्धा काढून घेतल्या गेल्या. दहा हजारांचा आकडाही त्या रेकॉर्डीने तेव्हा गाठला नाही. सगळ्यात जास्त जीव ज्याने ओतला होता तो बेल हे सोसू शकला नाही. वर्ष संपायच्या आत तो बँड सोडून गेला.

बँड तिथेच संपायचा, पण मे १९७३मध्ये आर्डेंटच्या लोकांनी देशभरातल्या रॉक समीक्षकांना मेंफिसमध्ये बोलावून एक संमेलन भरवलं. उरलेले तिघे त्यांच्यासमोर वाजवायला उभे राहिले आणि एरवी हाताची घडी घालून बसणारी ती मंडळी उठून नाचायला लागली. त्या एका रात्रीच्या बळावर दुसरी रेकॉर्ड झाली, 'रेडिओ सिटी', १९७४. वेष्टणावर विल्यम एगलस्टनने काढलेलं लाल छताचं छायाचित्र आहे. छताच्या मधोमध उघडा दिवा आणि त्याच्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या वायरी. आज ते छायाचित्र फोटोग्राफीच्या इतिहासात शिकवलं जातं. 'सप्टेंबर गर्ल्स' हे गाणं याच रेकॉर्डीतलं. तीन मिनिटांच्या आतलं गाणं किती परिपूर्ण असू शकतं हे कुणाला दाखवायचं असेल तर मी तेच लावते. यावेळीही प्रती दुकानांत पोचल्या नाहीत. स्टॅक्स आणि कोलंबियाचं तोवर बिनसलं होतं आणि त्यांच्या भांडणात ही रेकॉर्ड अडकली. १९७५ संपता संपता स्टॅक्सचं दिवाळंच निघालं.

तिसरी रेकॉर्ड, 'थर्ड', १९७४च्या अखेरीस जिम डिकिन्सनच्या देखरेखीखाली झाली. तेव्हा चिल्टन आणि स्टीफन्स दोघेच उरले होते. ही रेकॉर्ड सगळ्यांत शेवटी ऐका, हे मी मुद्दाम बजावून सांगते. समीक्षकांच्या याद्यांत तिचा मान मोठा, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि गोंधळून सोडून देतात. गाणी मध्येच विस्कटतात, सूर तुटतात, 'होलोकॉस्ट'मध्ये तर पियानो एकेक पाऊल ओढत चालतो. आधीच्या दोन रेकॉर्डींत या माणसाला काय काय साधत होतं हे ऐकलेलं असेल, तरच इथे त्याने काय मोडून टाकलं ते समजतं. नमुन्याच्या थोड्या प्रती काढून फ्राय आणि डिकिन्सन कंपन्यांचे उंबरठे झिजवत हिंडले. सगळीकडे वाटाण्याच्या अक्षता. ती बाजारात यायला १९७८ उजाडलं.

त्याच १९७८मध्ये क्रिस बेलचं स्वतःचं पहिलं सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, निघालं, 'आय अ‍ॅम द कॉसमॉस'. मधली वर्षं त्याने वडिलांच्या रेस्टॉरंटच्या धंद्यात काम केलं होतं आणि जमेल तेव्हा, जमेल तिथे गाणी ध्वनिमुद्रित केली होती. सिंगलच्या दुसऱ्या बाजूला 'यू अँड युअर सिस्टर' आहे आणि त्यात पाठीमागून साथीला आवाज आहे तो चिल्टनचा. दोघांमध्ये काय झालं होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला ते वाचण्यापेक्षा हे गाणं जास्त सांगून जातं. २७ डिसेंबर १९७८ रोजी मोटार अपघातात बेल गेला. वय सत्तावीस. त्याची रेकॉर्ड अखेर १९९२ साली निघाली.

हमल टेक्सासमध्ये विमानांच्या कंपनीत इंजिनिअर झाला. चिल्टन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेलात भांडी विसळत होता. आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याच्या रेकॉर्डी, त्या मोजक्या प्रती, नव्या पोरांच्या हाती फिरत होत्या. आर.ई.एम. या नव्या बँडचे लोक मुलाखतींतून बिग स्टारचं नाव घ्यायला लागले. बँगल्सनी १९८६मध्ये 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं. रिप्लेसमेंट्सनी तर १९८७मध्ये 'अ‍ॅलेक्स चिल्टन' याच नावाचं गाणं केलं, तेही आर्डेंटमध्येच. तुमच्यापैकी ज्यांनी 'दॅट सेव्हंटीज शो' ही मालिका पाहिली असेल त्यांनी बिग स्टारचं एक गाणं नकळत ऐकलेलं आहे. तिचं शीर्षकगीत 'इन द स्ट्रीट' पहिल्या रेकॉर्डीतलं आहे, फक्त गायलंय दुसऱ्यांनी. चिल्टन मार्च २०१०मध्ये गेला, हमल त्याच वर्षी जुलैमध्ये.

हे सगळं परत सापडू शकलं याचं कारण अगदी साधं आहे. टेपा शाबूत होत्या. खपली नाही म्हणून फ्रायने मूळ ध्वनिमुद्रणं टाकून दिली नाहीत किंवा त्यावर दुसरं काही भरलं नाही. मी जितके असे बँड ऐकले, त्या प्रत्येकामागे असं कुणीतरी एक माणूस आहे.

डेथ हा डेट्रॉइटचा बँडही असाच. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७५ साली त्यांनी सात गाणी केली. रॅमोन्स या गाजलेल्या पंक बँडची पहिली रेकॉर्ड यायला तेव्हा वर्षभर अवकाश होता आणि या गाण्यांत पंकचा, म्हणजे त्या झपाट्याच्या, रागीट रॉकचा, वेग आणि चीड दोन्ही आहे. एका बड्या कंपनीला गाणी आवडली होती. अट एकच, हे अभद्र नाव बदला. थोरल्या डेव्हिडने ठाम नकार दिला. मग पदरमोड करून त्यांनी एका सिंगलच्या पाचशे प्रती काढल्या आणि विषय संपला. डेव्हिड २००० साली कर्करोगाने गेला. जाण्याआधी त्याने मूळ टेपा बॉबीच्या हाती दिल्या आणि सांगितलं की जग एक दिवस हे शोधत येईल, तेव्हा तुझ्याकडे असू दे. बॉबीच्या मुलांना बापाच्या या बँडचा पत्ताच नव्हता. त्यांनी ते सिंगल बाहेर कुठेतरी ऐकलं आणि आवाज ओळखला. २००९मध्ये ती सातही गाणी जगासमोर आली. अवघ्या पंचवीसेक मिनिटांचा ऐवज आहे, पण आजच ऐका.

आता मुंबई. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आपल्याकडे होते का असे बँड?" होते तर! साठच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत सॅव्हेजेस होते, जेट्स होते, व्हेलव्हेट फॉग, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट. कुलाब्याला स्लिप डिस्क नावाची जागा होती. १९७२च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट तिथे येऊन स्थानिक मुलांबरोबर वाजवून गेले. सिमला सिगारेटच्या नावाने देशभरातल्या बँडांची स्पर्धा व्हायची, तिच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एल.पी., म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, निघाल्या. आज त्या जगभरचे संग्राहक शोधत असतात.

आणि नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा हा मुलगा व्हेलव्हेट फॉगमध्ये गायला, अ‍ॅटॉमिक फॉरेस्टमध्ये गायला, अलिक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेत ज्यूडास झाला. मराठी प्रेक्षकांनी त्याला पाहिलं ते १९७८ साली, 'तीन पैशाचा तमाशा'मध्ये. पुलंचं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवर रॉकचा तो धारदार, मोकळा गळा त्याच्यामुळे आला. एप्रिल २०१४मध्ये तो गेला. त्याचा तो सत्तरच्या दशकातला आवाज कुणी ऐकायला मागितला तर माझ्याकडे लावून दाखवायला फारच थोडं आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून सलते.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' ही एक एल.पी. आहे. लॉस एंजेलिसच्या एका कंपनीने २०११मध्ये ती इतर काही ध्वनिमुद्रणांसह पुन्हा काढली, म्हणून ती आज मिळते. तिच्यातली गिटार ऐका, मुंबईत हे वाजत होतं यावर विश्वास बसणार नाही. पण बाकीच्यांचं काय? परदेशी गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर आणणं दुरापास्त, रेकॉर्ड कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांचं पोट चालायचं चित्रपट संगीतावर. आठवड्याला चार-चार कार्यक्रम करणाऱ्या बँडलाही स्टुडिओचं दार क्वचितच उघडायचं. मेंफिसला जॉन फ्राय होता. आपल्या मुलांना असा कुणी भेटला नाही.

म्हणून तुम्ही मला बँड विचारलात तर मीही तुम्हाला एक विचारते. घरात काका, मामा, आजोबा त्या काळात गिटार किंवा ड्रम वाजवायचे का? कॉलेजच्या सोशलचं, जिमखान्यातल्या नाचाच्या रात्रीचं कुणी स्पूलवर, म्हणजे टेपच्या उघड्या रिळावर, किंवा कॅसेटवर काही टिपलंय का? असेल तर ती टेप हौसेने मशिनवर चढवू नका. त्या काळातल्या काही स्पूलचा लेप आपल्या दमट हवेत चिकट होतो आणि वाजवताना खरवडून निघतो. एकदा निघाला की त्यावरचं गाणं गेलं. बुरशी दिसली तरीही तेच. जुन्या टेपांवर काम करणाऱ्या जाणकाराकडे न्या, तो ती आधी मंद उष्णतेवर सुकवायची का ते ठरवेल. डिजिटल प्रत काढून झाल्यावर मूळ टेप फेकू नका. आणि वाजवणारे अजून हयात असतील तर त्यांच्याशेजारी बसून ऐका, कोण काय वाजवतंय ते विचारा, आणि साल, जागा आणि प्रत्येकाचं नाव खोक्यावर लिहून ठेवा.