घरच्या गोल्फ सिम्युलेटरवरचा स्पिन: मोजलेला की अंदाजाने लावलेला?

सिम्युलेटरच्या पडद्यावर सेव्हन आयर्नचा, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबचा (काठीचा), फटका रोज १६० यार्ड जातो आणि कोर्सवर तोच फटका ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये पडतो. मग मॅट बदलली जाते, सॉफ्टवेअर बदललं जातं, कधीकधी बिचारी क्लबसुद्धा. त्याआधी एकच गोष्ट तपासा: फटका मोजणारं तुमचं यंत्र स्पिन, म्हणजे बॉलची गिरकी, खरोखर मोजतंय, की बाकीच्या आकड्यांवरून अंदाज लावून देतंय?

बॉलच्या मागे ठेवायच्या रडार यंत्रांना बॉल उडताना दिसावा लागतो. गार्मिन आर-१० बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवायचं आणि बॉलपुढे किमान ८ फूट मोकळे सोडायचे. म्हणजे खोली निदान १४ ते १६ फूट लांब हवी, शिवाय यंत्रामागची आणि पडद्यामागची जागा वेगळी. आता त्या ८ फुटांत काय घडतं ते बघा. सेव्हन आयर्नचा बॉल ताशी १०४ मैलांनी निघाला, तर सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागात तो पडद्यावर आपटतो. ६७०० आरपीएमने (मिनिटाला ६७०० गिरक्या) फिरत असला तरी तेवढ्यात त्याच्या सहाच्या आसपास गिरक्या होतात. ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचं, तर आणखी अवघड: १४० मैल वेग, २६०० आरपीएम, म्हणजे पडदा येईपर्यंत दोन गिरक्याही पुऱ्या होत नाहीत. एवढ्याशा खुणेवरून रडारने स्पिन काढायचा. जमलं नाही की ते बॉलचा वेग, लॉन्च अँगल (बॉल वर निघतो तो कोन) आणि निवडलेली क्लब बघून आकडा लावतं.

म्हणूनच फ्लाइटस्कोप मेवो प्लससाठी बॉलवर धातूचा छोटा स्टिकर लावतात आणि रॅप्सोडोच्या एमएलएम-२ प्रोला खास छपाईचे बॉल लागतात. स्टिकर उचकटला की बदला. स्कायट्रॅकसारख्या बाजूला ठेवायच्या कॅमेरा यंत्राला कमी जागा पुरते, कारण ते फटका बसताच लागोपाठ फोटो काढून बॉलवरची खूण किती फिरली ते बघतं. तिथे बॉलचा लोगो कॅमेऱ्याकडे करून ठेवायचा. लोगो झिजलेला किंवा मॅटच्या हिरव्या रंगाने माखलेला असेल, तर कॅमेऱ्याला फिरणारं काही दिसतच नाही.

यंत्र मोजतंय की नाही, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. वेज (जवळच्या, उंच फटक्यांची क्लब) घ्या. पाच बॉल कोरडे मारा, मग बॉल आणि क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) ओला करून आणखी पाच. ओल्या फटक्यात घर्षण घटतं, स्पिन काही हजारांनी उतरतो आणि बॉल जास्त उंच निघतो. स्क्रीनवर स्पिन जागचा हललाच नाही, तर तो आकडा अंदाजाचा. दुसरी चाचणी: ॲपमध्ये जास्त स्पिन देणारी नाइन आयर्न निवडा आणि हातात सेव्हन आयर्न घ्या. नेहमीसारखाच फटका मारूनही स्पिन वर चढला, तर यंत्र बॉलकडे नाही, तुमच्या निवडीकडे बघतंय.

आपल्याकडे रडारला छळणारी एक वस्तू छतालाच लटकलेली असते. डॉप्लर रडार हलणाऱ्या वस्तू टिपतं आणि पंख्याची पातीही हलतातच, तेव्हा फटके मारताना पंखा बंद. जुन्या ट्यूबलाइटचाही त्रास होतो. कॅमेरा यंत्राचं दुखणं वेगळं: खिडकीतून बॉलवर थेट पडणारं ऊन.

पातळीकडे फार कमी लोक लक्ष देतात. मॅट दीड इंच जाड आणि यंत्र फरशीवर, असं असेल तर यंत्राखाली तेवढ्याच उंचीचं प्लायवूड ठेवा आणि स्पिरिट लेव्हल लावून बघा. यंत्राचा रोख एक अंश जरी चुकला, तरी १५० यार्डांवर बॉल अडीच यार्डांहून जास्त बाजूला दिसतो. सरळ गेलेला बॉल रोज उजवीकडे दिसत असेल, तर स्विंगला हात लावण्याआधी रोख तपासा.

बॉल कोर्सवर वापरता तोच मारा. स्वस्त रेंज बॉल किंवा फोमच्या बॉलवर काढलेल्या आकड्यांना अर्थ नाही. मॅटचा एक खोटेपणा मात्र घरची यंत्रं सहसा पकडत नाहीत: क्लब बॉलच्या मागे आधी टेकली, तर गवतात ती रुतते, मॅटवर घसरून बॉलपर्यंत पोचते आणि फटका चांगला दिसतो.

मग सॉफ्टवेअर. अंतर वाढवणारा ‘बूस्ट’ असेल तर शून्यावर आणा. यार्ड की मीटर ते पाहा, कारण १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. कॅरी (बॉल जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर) आणि टोटल (घरंगळण्यासकट) यांची गल्लत नको, ताडून बघायची ती कॅरीच. समुद्रसपाटीपासूनची उंची भरा: ढोबळमानाने दर हजार फुटांना अंतर एक टक्क्याहून थोडं जास्त वाढतं. मुंबईत फरक नाही, पुण्यात सुमारे दोन टक्के, आणि डेन्व्हरच्या गॅरेजमध्ये सिम्युलेटर असेल तर सहा. पावसाळ्यात हवा ‘जड’ होते म्हणून बॉल कमी जातो, हा मात्र गैरसमज. दमट हवा किंचित हलकीच असते.

ताडून बघायला ट्रॅकमॅन या रडार कंपनीची एलपीजीए (महिला व्यावसायिक खेळाडूंची) सरासरी हौशी खेळाडूंना जास्त जवळची: सेव्हन आयर्नला बॉल स्पीड १०४ मैल, लॉन्च १९ अंश, स्पिन सुमारे ६७००, कॅरी १४१ यार्ड. तुमचा वेग तेवढाच, पण स्पिन ३५०० दिसतोय? मग आधी यंत्रावर संशय घ्या.

ड्रायव्हरला स्पिन सतत ३५००-४००० येत असेल, तर मात्र फटका फेसच्या खालच्या भागात बसत असण्याची शक्यता बरीच. फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, बॉलचा ठसा उमटेल. पावडरमुळे घर्षण बदलतं, म्हणून त्या फटक्यांचा स्पिन हिशेबात धरू नका. फेस कोरड्या फडक्याने पुसून मगच आकडे लिहून घ्या.