किरणोत्सव आणि देवळातला उजेड

नोव्हेंबरमधे अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव बघायला आईला घेऊन गेलेलो, गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, आणि मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत येत देवीच्या पायांशी पोचली तेव्हा शेजारच्या आजी चक्क रडायला लागल्या. माझ्याही अंगावर काटा आला खरं सांगतो.

तेव्हापासून डोक्यात एकच, की देऊळ बांधणारे उजेडाचा केवढा विचार करायचे! इजिप्तच्या अबू सिंबेलमधे फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या आसपास उगवत्या सूर्याची किरणं थेट आतल्या गाभाऱ्यातल्या मूर्तींवर पडतात, पण प्ताह नावाचा देव अंधारातच राहतो. रोमचं पँथिऑन आधी देऊळ, आता चर्च, पण छताचं गोल भोक तसंच उघडं. आणि आपल्या खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप, ४८ खांब, वर गोल आकाश, तिथं मान वर करून नुसतं उभं राहिलं तरी मन शांत होतं. एवढं जवळ असून कोल्हापुरातले कितीतरी लोक तिथं गेलेले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. एकदा जाच, सकाळी लवकर.