तुम्ही विचारलंत म्हणून: मालदीवला डायव्हिंगला कधी जावं?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच वाक्यात येतो: ‘मालदीवला स्कूबासाठी कोणता महिना चांगला?’ विचारणाऱ्याने विमानाची तिकिटं तोवर पाहूनही ठेवलेली असतात. नुसता महिना सांगितला तर उत्तर अर्धंच राहतं. मालदीवमध्ये बाराही महिने डायव्हिंग चालतं, बदलते ती अ‍ॅटॉलची, म्हणजे प्रवाळबेटांच्या गोल कड्याची, बाजू. पूर्वेच्या ज्या खिंडीत फेब्रुवारीत लांबवर स्वच्छ दिसतं, तिथलंच पाणी ऑगस्टमध्ये हिरवट, गढूळ होतं आणि त्याच सुमाराला पूर्वेच्या बाजूला मांता रे (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे) येतात. म्हणून काय बघायचंय ते आधी ठरवा, त्यावरून बाजू, बाजूवरून मुक्काम. तिकीट सगळ्यात शेवटी.

यामागचं कारण एकदा कळलं की नकाशा आपोआप वाचता येतो. सुमारे १,२०० बेटं, २६ नैसर्गिक अ‍ॅटॉल, आणि ही सगळी माळ उत्तर-दक्षिण साधारण ८७० किलोमीटर पसरलेली. जानेवारी ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, तिथले लोक त्याला इरुवाई म्हणतात. मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत नैऋत्येचा हुळंगु. वाऱ्याबरोबर समुद्राचा मोठा प्रवाहही उलटतो. इरुवाईत पाणी पूर्वेकडून पश्चिमेला सरकतं. पूर्वेच्या खिंडींतून खोल समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरतं, आतल्या लगूनमधलं, म्हणजे कड्याच्या आतल्या शांत पाण्यातलं, प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) घेऊन पुढे जातं आणि पश्चिमेच्या तोंडांतून बाहेर पडतं. शार्क स्वच्छ पाण्याच्या तोंडाशी थांबतात, मांता प्लवकाच्या बाजूला चरतात. हुळंगुत हे सगळं उलट.

त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रे रीफ शार्क बघायचे असतील तर वावू अ‍ॅटॉलच्या पूर्वेच्या खिंडी, म्हणजे फोत्तेयो किंवा मियारू कांदू. त्याच दिवसांत मांता हवे असतील तर आरी अ‍ॅटॉलची पश्चिम बाजू. जून ते नोव्हेंबर मांतांसाठी पूर्वेला यावं लागतं, उदाहरणार्थ उत्तर माले अ‍ॅटॉलमधल्या लांकनला. बा अ‍ॅटॉलच्या हनिफारू खाडीत याच काळात मांता मोठ्या संख्येने जमतात, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त. पण तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येतं. हे न वाचता हनिफारूसाठी डायव्हिंग पॅकेज घेणारे दरवर्षी भेटतात. व्हेल शार्कला मात्र ऋतूचं बंधन नाही. दक्षिण आरीच्या बाहेरच्या कडेला तो वर्षभर दिसू शकतो, आणि दिगुराह बेटावर राहिलात तर ती कड अगदी जवळ आहे.

आता कांदू, म्हणजे अ‍ॅटॉलच्या कड्यातली खिंड. मालदीवचं सगळ्यात देखणं डायव्हिंग इथे होतं आणि सगळ्यात जास्त फजितीही इथेच होते. प्रवाह एक नॉटचा धरला तर पाणी मिनिटाला साधारण ३० मीटर सरकतं. पाण्यात उडी मारून मास्क पुसण्यात, फिनचा पट्टा ओढण्यात एक मिनिट गेलं की तुम्ही ठरलेल्या जागेपासून ३० मीटर दूर. म्हणून इथे बीसीडी (तरंगणं सांभाळण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामी करून सगळे एकदम उडी मारतात आणि पृष्ठभागावर न थांबता थेट खाली जातात. खिंडीचा ओठ बहुतेक ठिकाणी २५ ते ३० मीटरच्या दरम्यान असतो. तिथे पोचून मेलेल्या खडकात रीफ हुक (दोरीला बांधलेला आकडा) अडकवायचा, जिवंत प्रवाळात कधीही नाही. बीसीडीत थोडी हवा भरून दोरीवर तरंगायचं आणि समोरच्या निळ्यात बघत राहायचं. शार्क प्रवाहाकडे तोंड करून, शेपूट जेमतेम हलवत, हातभर इकडेतिकडे न होता उभे असतात. दहा मिनिटांनी हुक सोडला की प्रवाहच तुम्हाला खिंडीतून आत घेऊन जातो.

बिघडतं ते असं. एखाद्याचा कान सुटत नाही, म्हणजे कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही. तो पाच मीटरवर अडकतो, बाकीचे ओठावर पोचतात आणि तो एकटा लगूनमध्ये वाहून जातो. त्यामुळे सर्दी असताना कांदू डाइव्ह नाही. सर्दी दबवणारी गोळी घेऊन तर मुळीच नाही, कारण तिचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना कान किंवा सायनस अडकतो. दुसरी चूक म्हणजे प्रवाहाशी झुंजणं. फिन मारून एक नॉटच्या विरुद्ध फार वेळ कोणीच टिकत नाही. तळाशी चिकटून राहा, खडकाच्या आडोशाने सरका. पाणी बाहेर, खुल्या समुद्राकडे जात असेल आणि गाइड डाइव्ह बदलून जवळच्या थिलावर नेत असेल, तर कुरकुर करू नका. थिला म्हणजे पाण्याखालचा डोंगर. उत्तर आरीतल्या माया थिलाचा माथा सहा-सात मीटरवर आहे, आणि माझ्या मते नवख्या माणसाला असा एक थिला दोन कांदूंपेक्षा जास्त काही देऊन जातो.

हवेचा हिशेब घरीच करा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) हवा असते. ५० बार राखीव ठेवले की उरतात १,८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला ३० मीटरवर, चौपट दाबाखाली, ८० लिटर लागतात. म्हणजे जेमतेम २२ मिनिटं, आणि त्यातच वर येण्याची हवाही धरायची आहे. धाप लागली की हा वेळ सहज निम्म्यावर येतो. साध्या हवेवर ३० मीटरला डीकंप्रेशनशिवायची मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीने थांबावं न लागता खाली राहता येणारा वेळ, सुमारे २० मिनिटं, ३२ टक्के नायट्रॉक्सवर (ऑक्सिजन वाढवलेली हवा) सुमारे ३०. म्हणून जास्त हवा ओढणाऱ्याला पहिल्या डाइव्हला नायट्रॉक्सने फारसं काही मिळत नाही, कारण त्याची हवा आधी संपते. फायदा दिसतो तो दिवसातल्या तिसऱ्या डाइव्हला आणि सलग चौथ्या-पाचव्या दिवशी. नायट्रॉक्स घेतलंत तर सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोजा आणि तो आकडा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये घाला. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होताना हलका होतो, म्हणून कमरेला बांधायचं वजन ठरवताना ५० बारवर पाच मीटरला स्थिर राहता येतं का ते पाहा. नाहीतर सेफ्टी स्टॉपलाच, म्हणजे वर येताना पाच मीटरवर घ्यायच्या थांब्यालाच, तुम्ही वर निसटाल.

मालदीवच्या नियमाने मनोरंजनासाठीच्या डाइव्हची खोली ३० मीटरपर्यंतच, आणि मुद्दाम डीकंप्रेशनमध्ये जायला मनाई. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सचं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं असतं, म्हणजे खिंडींचे ओठ त्याच्या बाहेरच राहतात. निघण्याआधी पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा. सहा महिने पाण्यात गेला नसाल तर पहिल्या दिवशी रिफ्रेशर मागून घ्या. फुवाहमुला हे विषुववृत्ताच्या जरा दक्षिणेचं बेट टायगर शार्कसाठी प्रसिद्ध आहे. तिथली ती डाइव्ह उथळ असते, त्यामुळे सोपी वाटते. पण कोण कुठे थांबणार, नजर कुठे ठेवायची, हात कसे जवळ घ्यायचे हे ब्रीफिंगमध्ये सांगतात तसंच करावं लागतं. ज्याला तरंगण्यावर ताबा नाही त्याने तिथे जाऊ नये.

मुक्कामाचे तीन प्रकार: लाइव्हअबोर्ड म्हणजे बोटीवरच राहणं, रिसॉर्ट, आणि लोकवस्तीच्या बेटावरचं गेस्टहाउस. जास्तीत जास्त डाइव्ह हव्या असतील तर बोट, कारण ती ऋतूप्रमाणे बाजू बदलू शकते. मात्र बोटीवर रोज तीन डाइव्ह असतात, आणि सोबत येणाऱ्या न डायव्हणाऱ्या माणसाला दिवसभर करायला काही नसतं. गेस्टहाउस स्वस्त पडतं, पण एका अ‍ॅटॉलची एकच बाजू हाती लागते, म्हणून महिना आणि बेट यांची जोडी चुकता कामा नये. लोकवस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, पोहण्याचे तोकडे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात, आणि शुक्रवारी सरकारी फेरी बहुतेक मार्गांवर बंद असते. शुक्रवारी उतरत असाल तर स्पीडबोट आधी ठरवा. सीप्लेन फक्त उजेडात उडतं आणि सामानाची मर्यादा साधारण २० किलो अधिक हातातले ५. स्वतःचं सगळं साहित्य नेणाऱ्याची तिथेच अडचण होते. मास्क, कॉम्प्युटर, एसएमबी (बोटीला दिसावा म्हणून पृष्ठभागावर सोडायचा फुगा) आणि शिट्टी स्वतःची न्या. ३ मिलिमीटरचा सूट बहुतेकांना पुरतो, पाणी २७ ते ३० अंश असतं.

दर विचारताना ‘करांसकट किती’ असंच विचारा. २०२५पासून ग्रीन टॅक्स रिसॉर्ट आणि बोटीवर माणशी रोज १२ डॉलर, ५० खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर आहे. त्यावर पर्यटनाचा १७ टक्के जीएसटी, आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क.

विमा डायव्हिंगचाच घ्या. साध्या प्रवासविम्यात स्कूबा अनेकदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. रीकंप्रेशन चेंबरचे (डायव्हिंगच्या आजारावर दाबाखाली उपचार करायची खोली) उपचार आणि तिथवर नेण्याचा खर्च, दोन्ही पॉलिसीत लिहिलेले हवेत. चेंबर बांडोस आणि कुरामती इथे आहेत. फुवाहमुलाहून माले सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे, हे अंतर पॉलिसी वाचताना डोळ्यांपुढे ठेवा. दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र घरूनच घेऊन निघा. वैद्यकीय फॉर्मवर डॉक्टरांकडे पाठवणाऱ्या एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं, तर त्या कागदाशिवाय डाइव्ह सेंटर पाण्यात उतरवणार नाही.

आता तारखा मोजा, आणि त्या शेवटून मोजा. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत, मी २४ धरायला सांगतो. सीप्लेनलाही तोच नियम लावा. म्हणजे परतीचं विमान दुपारी दोनला असेल तर आदल्या दिवशी दुपारी दोनच्या आत शेवटची डाइव्ह संपलेली हवी. तो कोरडा दिवस मालेसाठी ठेवा. १६५८ साली प्रवाळी दगडात बांधलेली हुकुरू मिस्की ही मशीद आणि मासळीबाजार एका फेरीत पायी बघून होतात. व्हिसा पोचल्यावर ३० दिवसांचा, विनाशुल्क मिळतो. आयमुगा हा ऑनलाइन फॉर्म मात्र येताना आणि जाताना, दोन्ही वेळा प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरायचा असतो. परतीचा फॉर्म लोक विसरतात, तो त्याच कोरड्या दिवशी भरून टाका.