मार्जिन क्लिअर आहे का? ह्यांच्या मूत्राशयाच्या ऑपरेशनचा अनुभव

ह्यांच्या ऑपरेशनचा विषय निघाला की लोक विचारतात, किती तास चाललं, खर्च किती आला. मला सांगायचं आहे ते कापलेल्या टोकांबद्दल. कॅन्सर पूर्ण निघाला का हे बघायला ऑपरेशन चालू असतानाच ती टोकं, म्हणजे मार्जिन, तपासायला पाठवतात. त्या तपासणीमुळे ह्यांचं ऑपरेशन मध्येच वाढलं. का वाढलं ते मला आधीपासून माहीत होतं, म्हणून मी बाहेर उभी राहू शकले.

हे इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होते. बिडी तरुणपणापासून. लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही आणि आपोआप थांबलंही. पुन्हा गेलं तेव्हा युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफीचा कागद हातात घ्यायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या: तंबाखू-बिडी आहे का, आणि काम कशाचं. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा कॅन्सर दिसतो हे जर्मनीतल्या लुडविग रेन नावाच्या सर्जननी १८९५ सालीच मांडलं होतं. आज तंबाखूचा धूर हे सगळ्यात मोठं कारण मानतात. ह्यांना नेमका कशाने झाला हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही.

पहिल्यांदा दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड, म्हणजे जोरात वाढणारा, कॅन्सर आला आणि खाली एक छोटी ओळ होती: डेट्रुसर मसल नॉट सीन, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू दिसला नाही. आम्ही सगळे ‘हाय ग्रेड’ या दोन शब्दांवरच अडकलो होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी मात्र बोट ठेवलं ते त्या खालच्या ओळीवर.

मूत्राशयाच्या भिंतीला थर असतात. आत अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू. कॅन्सर स्नायूत शिरला नसेल तर खरवडून काढून वर बीसीजीचं औषध मूत्राशयात सोडत राहतात. बीसीजी म्हणजे क्षयाच्या लशीतलंच. मूत्राशय वाचतं. स्नायूत शिरला असेल तर बहुतेक वेळा मूत्राशयच काढावं लागतं. म्हणजे सगळं त्या स्नायूवर अवलंबून, आणि काढलेल्या तुकड्यात स्नायू आलाच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, “काकू, स्नायूत कॅन्सर नाही असं हा रिपोर्ट म्हणत नाही. आपण तिथपर्यंत बघितलंच नाही, एवढंच तो म्हणतोय.”

म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, पुन्हा त्याच जागी, जरा खोल. अशा वेळी दुसऱ्यांदा खरवडणं ही ठरलेली पद्धतच आहे, पण ते कळेपर्यंत ह्यांची फार चिडचिड झाली. या वेळी तुकड्यात स्नायू आला आणि स्नायूत कॅन्सरही आला. वाईट बातमी होती, पण आता उपचार कशावर करायचे ते नक्की झालं. आधी जेमसिटाबीन आणि सिसप्लॅटिनची केमो, मग मूत्राशय काढायचं ठरलं. केमोबद्दल फार लिहीत नाही. उलट्या, अशक्तपणा, आणि प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) किती येतंय याची धाकधूक, कारण सिसप्लॅटिन किडनीला जड जातं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जननी कोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन किडन्या, त्यांतून खाली येणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, मध्ये मूत्राशय, त्याखाली प्रोस्टेट. मूत्राशय, प्रोस्टेट आणि आजूबाजूच्या लसीकाग्रंथी काढायच्या. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याचं एक टोक पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं आणि दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडायच्या. लघवी मग पोटावरच्या बॅगेत येणार.

आणि त्यांनी मार्जिन समजावलं. नासका आंबा कापताना आपण चांगला गर लागेपर्यंत कापत जातो, तसंच. फरक इतकाच की कॅन्सरच्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. मूत्राशयाच्या अस्तरासारखंच अस्तर मूत्रवाहिन्यांच्या आतूनही असतं, त्यामुळे रोग वरपर्यंत पसरलेला असू शकतो. म्हणून दोन्ही मूत्रवाहिन्यांची टोकं आणि खाली मूत्रमार्गाचं टोक लगेच तपासायला पाठवणार. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. तुकडा उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतात, मशिनवर त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन करतात. साधारण अर्ध्या तासाचा खेळ. नेहमीच्या रिपोर्टला आठवडाही लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डबॉय ओटीतून छोट्या डब्या घेऊन लगबगीने गेला. आधीच्या बायोप्सीच्या वेळी फॉर्मेलिनची, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनाची, बाटली मीच लॅबमध्ये नेऊन दिली होती, म्हणून माझं लक्ष गेलं. या डब्यांत फॉर्मेलिन नव्हतं. गोठवायचा तुकडा ताजाच लागतो.

काही वेळाने ज्युनिअर डॉक्टर बाहेर आले. “उजवं टोक आणि मूत्रमार्ग क्लिअर आहेत. डाव्या टोकात कॅन्सरच्या पेशी दिसतायत, अस्तरापुरत्याच. सर अजून थोडं कापून पाठवतायत.”

माझ्या डोळ्यांसमोर कालचा कागद आला. आतड्याचं टोक उजवीकडे. डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्याच्या मागून ओढून उजवीकडे आणावी लागते. जितकं कापावं तितकी ती आखूड होते आणि पोचायला पुरत नाही. सर्जननी हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून मला नेमकी भीती कशाची वाटायला हवी तेवढं कळत होतं. बाकीच्या नातेवाइकांना वाटलं, ऑपरेशन बिघडलं. मी त्यांना समजावत बसले आणि त्यातच वेळ गेला.

दुसरा तुकडा क्लिअर आला. मूत्रवाहिनी पुरली.

पण फ्रोझन म्हणजे शेवटचा शब्द नाही, हेही लिहायला हवं. गोठवलेल्या कापात पेशी थोड्या वेड्यावाकड्या दिसतात, त्यामुळे पक्क्या रिपोर्टमध्ये निकाल बदलू शकतो. शिवाय हा रोग मध्ये चांगला भाग सोडून वर पुन्हा असू शकतो. टोक क्लिअर आलं म्हणून पुढे कधीच काही होणार नाही, अशी हमी सर्जननी दिली नाही, आणि ती दिली नाही म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

पक्क्या रिपोर्टसाठी मी पॅथॉलॉजीच्या मॅडमना भेटले. सहसा कोणी नातेवाईक त्यांच्याकडे जात नाही, पण मला वाटतं जावं. त्यांनी सांगितलं, काढलेल्या अवयवाला बाहेरून शाई लावतात. कापात कॅन्सर त्या शाईला टेकलेला दिसला तर मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे आत काही राहिलं असण्याची शक्यता. मूत्राशयाभोवतीच्या चरबीची कड पॉझिटिव्ह येणं मूत्रवाहिनीच्या टोकापेक्षाही वाईट, कारण तिथे अजून थोडं कापायची संधी हातातून गेलेली असते. ह्यांची शाईची कड मोकळी होती, ग्रंथीही मोकळ्या. जन्मभर रंगात हात घातलेला हा माणूस, शाईचं ऐकून म्हणाला, “रंग पक्का होता ना?”

आता बॅग बदलणं ह्यांचं ह्यांना जमतं. सुरुवातीला स्टोमाभोवतीची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवतीची, कातडी लाल व्हायची. बॅगेचं भोक नीट मापाने कापायला लागल्यावर ते थांबलं. ठरावीक काळाने सीटी, लघवीतल्या पेशींची तपासणी आणि क्रिएटिनिन होतं. सगळ्या रिपोर्टच्या प्रती एका फाइलीत आहेत, आणि पहिल्या लॅबमधून तपासलेले तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉकही मागून आणले आहेत, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर असावेत म्हणून. सीटीला गेलं की मी तंत्रज्ञाला आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगते: डावी मूत्रवाहिनी वरपर्यंत नीट बघा, तिचं पहिलं टोक पॉझिटिव्ह आलं होतं.