अपर नॉरवुडच्या टेकडीवर

क्रिस्टल पॅलेस स्थानकातून बाहेर पडून चढण संपवली आणि चर्च रोडने ऑल सेंट्स चर्चच्या दिशेने चालू लागलो, तेव्हा आभाळ भरून आले होते. लंडनला येणारे पर्यटक दक्षिणेकडच्या या उपनगरात सहसा फिरकत नाहीत. मला मात्र व्हाइस ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय यांची कबर पाहायची होती. डार्विन ज्या जहाजातून जगप्रदक्षिणेला गेला, त्या 'बीगल'चे कप्तान एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. मी रत्नागिरीत वाढलो असल्याने माझे कुतूहल वेगळे, वादळाच्या सूचनांविषयीचे होते: बंदरावर वादळाचा इशारा देणारा 'तीन नंबरचा बावटा' लागला की होड्या किनाऱ्याला ओढायच्या, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

कबर चर्चच्या आवारातच आहे. तिच्यावर बायबलमधील उपदेशकाचे वचन कोरले आहे: वारा दक्षिणेकडे जातो, वळून उत्तरेकडे येतो, सतत फिरत राहतो. आयुष्यभर वाऱ्याचा माग काढणाऱ्या माणसासाठी याहून योग्य ओळ शोधूनही सापडली नसती. ओलसर दगडावरची अक्षरे वाचायला मला बराच वेळ लागला.

फिट्झरॉय यांचा जन्म 1805 चा. बाराव्या वर्षी ते पोर्ट्समथच्या नौदल महाविद्यालयात दाखल झाले आणि 1824 मध्ये लेफ्टनंटपदाची परीक्षा पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाले. 'बीगल'चे आधीचे कप्तान प्रिंगल स्टोक्स यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, एकाकीपणाला कंटाळून आत्महत्या केली, तेव्हा 1828 मध्ये ते जहाज अवघ्या तेवीस वर्षांच्या फिट्झरॉय यांच्याकडे आले. पुढच्या सफरीवर बोलायला कोणीतरी सुशिक्षित सोबती हवा, असा त्यांचा आग्रह होता, त्यामागे स्टोक्स यांचे उदाहरण होतेच, शिवाय त्यांच्या स्वतःच्या मामांनीही 1822 मध्ये जीव दिला होता. डार्विनला जहाजावर जागा मिळाली ती अशी. 1831 ते 1836 च्या त्या सफरीत बावीस क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश ठरवण्याची अचूक घड्याळे, घेऊन त्यांनी किनाऱ्यांची मोजणी केली. नंतरचे न्यूझीलंडचे गव्हर्नरपद दोन वर्षांतच गेले. त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही.

माझ्या मते त्यांची खरी कामगिरी जहाजावरून उतरल्यावर झाली. 1854 मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडच्या, म्हणजे ब्रिटनच्या व्यापार खात्याच्या, नव्या हवामान विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. काम होते आकडेवारी गोळा करण्याचे. परंतु ऑक्टोबर 1859 च्या वादळात मेलबर्नहून लिव्हरपूलकडे येणारे 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्समधील अँगलसीच्या खडकांवर आपटून सुमारे साडेचारशे माणसे बुडाली, तेव्हा नुसत्या नोंदी ठेवून त्यांचे समाधान होईना. ठिकठिकाणच्या नोंदी तारेने लंडनला मागवायच्या आणि वादळाचा संभव दिसला की बंदरांना तारेनेच कळवायचे, अशी व्यवस्था त्यांनी 1861 मध्ये सुरू केली. बंदरातल्या डोलकाठीवर काळा शंकू चढे: टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. त्याच वर्षी 1 ऑगस्टला 'द टाइम्स'मध्ये जनतेसाठी पहिला हवामान अंदाज छापला गेला. हे भविष्य नव्हे, अंदाज आहे, हे ते पुनःपुन्हा बजावत. वाचकांना मात्र भविष्यच हवे होते, आणि अंदाज चुकला की टवाळी होई.

कर्ज, ढासळती प्रकृती आणि टीका यांनी खचून 30 एप्रिल 1865 रोजी, याच परिसरातील घरी, त्यांनी आपले आयुष्य संपवले. पुढच्या वर्षी वादळाच्या सूचना बंद करण्यात आल्या. कोळी आणि खलाशी यांनी ओरड केल्यावर 1867 मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. वैज्ञानिकांना जे कच्चे वाटले, ते दर्यावर्दींना पुरेसे होते, असाच याचा अर्थ मी लावतो.

परतताना पावसाने गाठले. रात्री पाऊण वाजता रेडिओवर सागरी हवामान ऐकण्यासाठी मुद्दाम जागा राहिलो. स्पेनच्या वायव्येकडील समुद्राला पूर्वी 'फिनिस्टेर' म्हणत. 2002 मध्ये त्याचे नाव 'फिट्झरॉय' झाले. समुद्राच्या एकेका भागाचे नाव येत होते: बिस्के झाले, मग ट्रफाल्गार, म्हणजे ज्या साली ते जन्मले त्याच सालच्या लढाईचे ठिकाण, आणि लगेच पुढे निवेदिकेने सावकाश, कसलाही भाव न आणता त्यांचे नाव घेतले आणि वाऱ्याची दिशा सांगितली.