तुम्ही विचारलंत म्हणून: मेळावा तळ्याकाठीच का?

"तळं वाचवायचं म्हणता आणि दरवर्षी त्याच्याच काठावर दीडशे माणसं गोळा करता. सभागृह घ्या की एखादं!"

हा प्रश्न फोनवर येतो, वर्गणीच्या पाकिटातून चिठ्ठी बनून येतो. खुद्द मेळाव्यात, गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसंही तो विचारतात. आजवर हसून वेळ मारून नेली. यंदा सात जणांनी विचारला, तेव्हा लिहूनच टाकते.

सभागृहात घेऊन पाहिलाय. एक वर्ष. पडद्यावर तेच पाणी, तेच पक्षी, टाळ्याही पडल्या. देणग्या निम्म्यावर आल्या. "म्हणजे शेवटी पैशासाठीच ना?" हो, पैशासाठीच. जलपर्णी उपसायला माणसं लावावी लागतात. मनाजोगतं पाणी मिळालं तर ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो. मुळासकट उपसली तरी गाळातलं बी दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहतं. एकदा पैसे जमवले आणि सुटलो, असं हे काम नाही.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. आता बोटीचं सांगते.

तेव्हा आम्ही पाहुण्यांना बोटीतून फिरवायचो. कल्पना माझीच. निमंत्रणावर मी लिहायचे, "जवळून पाहिल्याशिवाय जीव लागत नाही." त्या वर्षी पाणकणसांच्या कडेला टिबुकलीचं घरटं होतं. तरंगतं घरटं, कुजक्या पाणवनस्पतींचा ओला ढीग, दोन-चार काड्यांना अडकवलेला. आदल्या आठवड्यात मी ते हेरून ठेवलं होतं आणि नावाड्याला तिकडेच न्यायला सांगितलं होतं. बोटीत मी, नावाडी आणि आठ जण. मी उभी राहून रंगात येऊन सांगत होते, की ही पक्षीण किती सावध! घरट्यावरून उतरताना ओलं शेवाळ, पानं ओढून अंडी झाकून जाते, वरून पाहणाऱ्याला नुसता कचरा दिसावा म्हणून.

पुढे बसलेले एक गृहस्थ वाकून म्हणाले, "पण ही तर उघडीच आहेत."

चार अंडी. पांढरी. कुजक्या पाल्याने ती पुढे तपकिरी पडतात, म्हणजे ही नुकतीच घातलेली. आणि उघडी का, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. झाकायला तिला वेळच मिळाला नव्हता. आम्ही फार जवळ, फार पटकन आलो होतो. मी म्हटलं, "आत्ताच उतरली असेल, येईल परत." बोट वळवा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण लोक फोटो काढत होते, आणि त्यांचे चेहरे मला हवे तसे झाले होते. नंतर त्या फोटोंवरच्या वेळा लावून पाहिल्या. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 11 मिनिटं.

दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं होतं.

कावळ्याने नेली असतील. सापानेही नेली असतील, आम्ही गेलो नसतो तरी नेली असती. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते पाठ आहे. शिवाय त्या बोटीतल्या आठांपैकी सहा जणांनी त्याच संध्याकाळी मोठ्या रकमा कबूल केल्या. त्या रकमांतून तळ्याचा अख्खा एक कोपरा मोकळा झाला. पुढच्या हंगामात तिथे टिबुकल्या होत्या. हा हिशेब जुळतो की नाही, मला सांगता येत नाही. जुळतो असं वाटलं की जास्त भीती वाटते.

वाद घालायचाच तर मी रामसरचं उदाहरण देते. पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसरला झाला, तोही कास्पियनच्या काठावर माणसं जमवूनच. वाक्य टाळी घेतं. पण ती माणसं कराराचा मसुदा ठरवायला बसली होती, आम्ही टिबुकलीच्या दारात नाव लावली होती. मेळाव्याऐवजी जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला या, असंही एकदा कळवलं. पहाटे थंडीत उभं राहायचं, बोलायचं नाही, नोंदवहीत रेघा ओढायच्या. नऊ जण आले.

आता बोट बंद आहे. ध्वनिक्षेपक नाही. काठापासून दूर दोरी बांधतो, दुर्बिणी स्टँडवर लावून ठेवतो. "पूर्वीची मजा राहिली नाही" अशी तक्रार येते आणि त्याच आठवड्यात "तुम्ही पक्ष्यांना त्रास देता" अशीही. दोन्ही खऱ्या आहेत. दोरी आणखी मागे घ्यावी असं मला वाटतं. तितक्या मागून तळं नुसतं चकाकताना दिसेल, आणि चकाकीसाठी कोण वर्गणी देणार?

बोटीतले ते गृहस्थ दरवर्षी न चुकता पैसे पाठवतात. येत मात्र नाहीत. का, ते मी त्यांना विचारलेलं नाही.