तीनची मोटर आणि ओलं लाकूड

‘तर्कतीर्थ’ हे आडनाव असतं, असं मला अठरा वर्षांची होईपर्यंत वाटत होतं. मी वाईची. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तिथून जाताना कुणी ना कुणी सांगायचं, इथं तर्कतीर्थ बसायचे. जसे कुलकर्णी, जसे देशपांडे, तसे हे तर्कतीर्थ. लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यांचं नाव आणि तर्कतीर्थ ही कलकत्त्याची न्यायशास्त्रातली पदवी, हे कळलं पुण्यात, एफवायबीएच्या वर्गात. न्यायशास्त्र म्हणजे कोर्टकचेरी नव्हे, तर्काचं शास्त्र, हेही त्याच तासाला कळलं. एका तासात दोन गैरसमज फिटले म्हणून विषय बरा वाटला, इतकंच. लहानपणापासून ‘मी कोण’ वगैरे प्रश्न मला छळत होते असं काही नाही. मला छळत होते ते सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवरच्या खोलीतले ढेकूण.

हे २०१० सालचं. एसवायला स्पेशल विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला मानसशास्त्र हवं होतं, पण त्याच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “तत्त्वज्ञान टाकू? तिथं पाचच आहेत, तू सहावी.” आवाज असा, की जणू एसटीत मागची सीट देतायत. मी म्हटलं, टाका.

घरी फोन केला. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायच्या. मागे कुणीतरी मोटरीच्या स्टेटरवर ठोकत होतं, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तत्त्वज्ञान म्हंजे? कीर्तन करणार का काय तू?”

सहा जणांचा वर्ग. दोघं नियमित, दोघं परीक्षेपुरते, एक मुलगा फक्त ‘आत्मा’ आला की जागा होणारा, आणि मी. आम्हाला कॉलेजने दिलेली खोली जिन्याखालची होती. वर डबा खायला मुलं उतरली की धडधड व्हायची आणि सगळ्यावर संशय घेणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या संशयात भर पडायची.

आधी झगडा झाला तो शब्दांशी. मराठी माध्यमातून शिकणाऱ्याला वाटतं, शब्द तर आपलेच आहेत. ते आपले असतात तोच घोटाळा. ‘द्रव्य’ म्हटलं की घरी पैसा. इथं वैशेषिक या प्राचीन दर्शनाची नऊ द्रव्यं, त्यात काळ आणि दिशासुद्धा. ‘प्रत्यय’ व्याकरणात शब्दाला चिकटतो, बोलताना ‘येतो’, आणि इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या प्रकरणात तो मनात असतो, म्हणजे ‘आयडिया’. ‘गुण’ तर विचारूच नका. वैशेषिकांचे गुण चोवीस. सहामाहीला मलाही चोवीसच पडले, साठांपैकी. मॅडमनी पेपर हातात देताना म्हटलं, “बघ, एकही गुण सोडला नाहीस.” त्या वेळी फार लागलं. आता वर्गात हा विनोद मी स्वतःच्या नावावर खपवते.

तर्कशास्त्रात तसा त्रास झाला नाही, कारण मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं.’ आम्ही हसलो. मग त्यांनी विचारलं, हे विधान खरं की खोटं? जर-तरच्या विधानाचं सत्यता कोष्टक, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या सगळ्या जोड्यांचा तक्ता, मांडलं, तर चार ओळींपैकी एकाच ओळीत ते खोटं ठरतं: ‘जर’ खरं आणि ‘तर’ खोटं असेल तेव्हा. आत्याला मिशा नाहीतच, म्हणजे पुढे काका म्हणा, मामा म्हणा, नाहीतर गटविकास अधिकारी म्हणा, विधान खरंच. हे ऐकून मला मनापासून राग आला होता. रोजच्या बोलण्यातलं जर-तर असं नसतं. त्यात ‘जर’मुळे ‘तर’ घडतं, असं आपण म्हणत असतो. मॅडम म्हणाल्या, राग बरोबर आहे, या कोष्टकावर तो अनेकांना आलेला आहे. आता तो नीट लिहून आण. दीड पान लिहिलं. बीएच्या तीन वर्षांत मी मनाने लिहिलेलं पहिलं दीड पान तेच. बाकी सगळं ‘टिपा लिहा’.

पण मला हा विषय खरा भेटला तो दुकानात.

दिवाळीची सुट्टी होती. आम्हाला नुकतंच न्यायदर्शनातलं अनुमान शिकवलं होतं. पर्वतावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. हा पर्वत तसाच आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पाच पायऱ्या. मी घोकत होते, आणि अण्णा एका तीन एचपीच्या मोटरीचं कव्हर खोलत होते. जळक्या वॉर्निशचा वास दुकानभर. मोटर घेऊन आलेले काका धोमकडचे, ते सारखे म्हणत होते, “लाइटीला दाबच नव्हता अण्णा, दाबानं गेली.”

अण्णांनी आत पाहिलं. “दाबानं नाही गेली. फेज गेलाता.” म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एक बंद पडली होती.

“कशावरनं?”

“आत तारेच्या वेटोळ्यांचे तीन गट असतात. दोन काळे पडल्यात, तिसरा बघा, नवा कोरा. दाब कमी असता, तर तिन्ही सारखे भाजले असते. डीपीवरचा एक फ्यूज उडाला असणार, आणि फेज गेला की मोटर बंद करणारा तुमचा प्रिव्हेंटर कुणीतरी काढून सरळ तार जोडलीय.” काका गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, “पोरानं जोडली.”

माझ्या हातातली वही तशीच राहिली. अण्णांनी काकांचं म्हणणं उडवून लावलं नव्हतं. ते खरं असतं तर आत काय दिसलं असतं, हे आधी सांगितलं, मग ते दिसत नाही हे दाखवलं. मोटर जळताना यातलं कुणीही हजर नव्हतं. कार्यावरून कारणाकडे जाणं, न्यायसूत्रांतलं शेषवत् अनुमान, तीन दिवस पाठ होत नव्हतं, ते माझ्या समोर बाकड्यावर उघडं पडलं होतं.

मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, “म्हणजे अण्णा, जिथे फेज जातो तिथे दोन गट जळतात.”

“हां. आणि उद्या साडेसातची आली की पडशील तोंडघशी. ती डेल्टात असती. डेल्टात फेज गेला तर एकच गट जळतो. दोन जळतात ते स्टारमधी.” स्टार आणि डेल्टा म्हणजे ते तीन गट एकमेकांना जोडायच्या दोन पद्धती.

ते कामाला लागले. मी वही उघडून पुढचं पान वाचलं आणि खरोखर अंगावर काटा आला. तिथे लिहिलं होतं: धुरावरून अग्नी सांगता येतो, पण अग्नीवरून धूर नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? धूर येतो तो लाकूड ओलं असेल तर. हे ओलं लाकूड म्हणजे ‘उपाधी’, नियमात चोरून शिरलेली अट. आमचं स्टार कनेक्शन म्हणजे ते ओलं लाकूड. दोन जळालेल्या गटांवरून गेलेला फेज सांगता येतो, पण गेलेल्या फेजवरून दोन गट सांगायचे तर आधी कनेक्शन बघायला हवं. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात ‘तर्कसंग्रह’ लिहिला, विद्यार्थ्यांना सोपं जावं म्हणून. त्यातली चूल गेली आणि आमच्या आईकडे गॅस आला. गॅसवर अग्नी असतो, धूर नसतो, म्हणजे स्वयंपाकघराचं ते जुनं उदाहरणही आता एकाच बाजूने चालतं. हे मी आईला सांगायला गेले. आई म्हणाली, “धूर नाही तेच बरंय. खोबरं किस.”

सुट्टीनंतर मी हे वर्गात मांडलं, तेव्हा मॅडमनी १९८३ सालची एक गोष्ट सांगितली. दया कृष्ण, मे. पुं. रेगे अशा तत्त्वज्ञ मंडळींनी पुण्यात नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसवले होते. इंग्रज तत्त्वज्ञ रसेलचं ‘विधान’ या गोष्टीबद्दलचं म्हणणं संस्कृतात करून पंडितांपुढे ठेवलं आणि त्यांना म्हटलं, आता बोला. आणि ते बोलले. पूर्वज म्हणून हार घातलेले पंडित नव्हे, वाद घालणारे पंडित. रेगे पुढे विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, म्हणजे परत आमची वाईच. मी त्या इमारतीवरून इतकी वर्षं चिंचा खात गेले होते.

या गोष्टीमुळे मला परीक्षेतल्या ‘तुलना करा’ प्रश्नांचा तिटकारा आला, तो अजून गेलेला नाही. ‘चार्वाक आणि ह्यूम यांची तुलना करा.’ अपेक्षित उत्तर असं, की दोघेही अनुमानावर शंका घेतात, सबब ह्यूमचं आपल्याकडे आधीच होतं. जय महाराष्ट्र. चार्वाक विचारतो, सगळे धूर तू पाहिलेस का, मागचे, पुढचे, लांबचे? आणि अनुमानाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानायलाच नकार देतो. अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम म्हणतो, कारण आणि कार्य यांच्यातला बंध कधी दिसतच नाही, दिसतं ते एकामागून एक येणं, बाकी सवय. पण सवय तो सोडत नाही, सुटणार नाही असंच म्हणतो. दोघांना एका चौकटीत बसवलं की दोघांचीही धार जाते. शिवाय मधल्या नैयायिकाचं काय? उदयनाने साधारण दहाव्या शतकात विचारून ठेवलंय, शंका घ्यायची कुठवर? स्वतःच्याच वागण्याशी विरोध येईपर्यंत. धूर अग्नीमुळेच येतो यावर शंका घेणारा माणूस धूर हवा असला की चूल पेटवायलाच जातो. अण्णांच्या भाषेत: शंका घेत बसलो तर मोटर कधी भरायची? मी हे सगळं लिहिलं. आठ मार्कांत तीन.

चार्वाकांची अजून एक गंमत. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलंय ते बरंचसं त्यांना खोडणाऱ्यांच्या ग्रंथांतून, पूर्वपक्ष म्हणून. विरोधकाचं म्हणणं आधी मांडायचं, आणि असं मांडायचं की तो स्वतः मान हलवेल. मगच आपला सिद्धान्त. मॅडमचा वर्गातला नियमही तोच होता. मी तो घरी वापरून पाहिला. टीवायला असताना स्थळं येऊ लागली. एका रविवारी मी अण्णांपुढे बसले आणि आत्ताच लग्न का करावं याची त्यांची कारणं एकेक करून मांडली: धाकटी पाठोपाठ आहे, दुकानाचं उत्पन्न पावसावर, माझ्या पदवीला नोकरी नाही. फार सुंदर मांडली. उत्तरपक्षाला सुरुवात करणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “पटलं ना तुला? मग येऊ दे पाहुण्यांना.” पाहुणे आले, पोहे झाले. मुलाने विचारलं, तत्त्वज्ञान म्हणजे मेडिटेशन का? त्यावर अण्णाच मान खाली घालून हसले, आणि ते स्थळ तिथेच राहिलं.

सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत तिघी स्पर्धा परीक्षेच्या. त्यांच्या दृष्टीने मी ‘बिचारी’. २०१३ मध्ये यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आला, आणि एका आठवड्यात माझ्या कांटच्या नोट्स तीन गल्ल्यांत झेरॉक्स झाल्या. ‘माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका’ हे पान सगळ्यात जास्त काळं आलं होतं, कारण ते सगळ्यांनी वापरलं.

पुढे एमए, सेट, सगळं रीतसर झालं. आता मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तत्त्वज्ञान शिकून मिळालेलं हे एकमेव तत्त्व, त्याचे पैसे तासाप्रमाणे आणि सहा-सहा महिने उशिरा. यावर मी एकदा स्वतंत्र लिहीन. आज डोकं तापवायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुकानात जायला बंदी केली, तर ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले. दुकानातला मुलगा जेवायला गेला होता आणि टेम्पोतून एक मोटर उतरली. अण्णांनी हाक मारली. मी कव्हर खोललं. बोल्ट निघता निघेना, हात काळे झाले, पण निघालं.

“किती गट गेलेत?” काळ्या चष्म्याआडून त्यांनी विचारलं.

“दोन. तिसरा चांगला आहे. फेज गेला असणार.”

“स्टार का डेल्टा?”

मी बघितलंच नव्हतं. वाकून तारा मोजायला लागले.

“सावकाश बघ,” अण्णा म्हणाले, “मोटर कुठं पळून जात नाही.”